लाँगब्रिज कोणी बुडवले?

मे २०००मध्ये बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिजचा मोटार कारखाना चार इंग्रज व्यावसायिकांना दहा पौंडांना विकला. त्यात यंत्रे आली, विकल्या न गेलेल्या गाड्यांचा साठा आला आणि रोव्हर व एमजी गाड्यांचा चालू धंदाही आला. वर बीएमडब्ल्यूने ४२.७ कोटी पौंड बिनव्याजी दिले. विकणाऱ्यानेच पदरचे पैसे घालावेत असा हा सौदा होता. तरी बर्मिंगहॅममध्ये त्याचे स्वागत झाले, कारण दुसरा पर्याय कारखाना जवळजवळ बंद करण्याचाच होता. पाच वर्षांनी, एप्रिल २००५मध्ये, तो बंद पडलाच. सुमारे सहा हजार माणसांची नोकरी गेली आणि ब्रिटिश मालकीची, मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवणारी शेवटची कंपनी संपली.

ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रोव्हर, ट्रायम्फ, जग्वार ही सारी नावे एके काळी एकाच छत्राखाली होती. त्या छत्राचे नाव बदलत गेले: बीएमसी, ब्रिटिश लेलँड, रोव्हर ग्रुप, एमजी रोव्हर. ते कोणी बुडवले या प्रश्नाची तयार उत्तरे ब्रिटनमध्ये पन्नास वर्षे फिरत आहेत. कोणी संपकरी कामगारांकडे बोट दाखवतो, कोणी साहेबांकडे, कोणी सरकारकडे, कोणी शेवटच्या चार मालकांकडे. प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. पण कोणते कारण आधीचे आणि कोणते मागून आलेले, हे तारखांच्या क्रमाने पाहिले तर चित्र बरेच बदलते.

दोन घराणी, एक खतावणी

हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५मध्ये लाँगब्रिजला छापखान्याच्या बंद पडलेल्या इमारतीत कारखाना सुरू केला. विल्यम मॉरिस ऑक्सफर्डचे. सायकलींच्या दुकानातून वर आले आणि १९१३मध्ये त्यांनी पहिली मॉरिस ऑक्सफर्ड बाजारात आणली. पुढे ते लॉर्ड नफिल्ड झाले. १९२२च्या ऑस्टिन सेव्हनमुळे मध्यमवर्गीय इंग्रजाला गाडी परवडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले कारखाने ढिगाऱ्यात असताना ब्रिटन जगातला सर्वांत मोठा मोटार निर्यातदार झाला. १९५०मध्ये जगात निर्यात झालेल्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास ब्रिटिश होत्या. हे यश प्रतिस्पर्धी उठून उभे राहीपर्यंतचे होते. १९५६मध्ये जर्मनीने निर्यातीत ब्रिटनला मागे टाकले.

त्याआधी, १९५२मध्ये, ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, स्थापन झाली. सूत्रे ऑस्टिनच्या लिओनर्ड लॉर्ड यांच्याकडे गेली. लॉर्ड पूर्वी मॉरिसकडे नोकरीला होते आणि भांडून बाहेर पडले होते. विलीनीकरण कागदावर झाले. माणसे, कारखाने, विक्रेते मात्र आपापल्या जागी राहिले. ऑस्टिनचा डीलर ऑस्टिन विकणार आणि शेजारचा मॉरिसचा डीलर मॉरिस. दोघांनाही गिऱ्हाईक सांभाळायचे, म्हणून तीच गाडी वेगवेगळ्या बिल्ल्यांनी विकायची. १९६२मध्ये आलेली ११०० ही गाडी ऑस्टिन, मॉरिस, एमजी, वुल्झली, रायली आणि व्हँडन प्लास अशा सहा नावांनी विकली गेली. साठच्या दशकात बहुतेक वर्षे तीच ब्रिटनमधली सर्वाधिक खपाची गाडी होती. खप होता, खतावणीत त्याच्या तोलाचा नफा उतरत नव्हता.

मिनीचा हिशेब

या दुखण्याचे मूळ पाहायचे तर मिनीकडे जावे लागते. १९५६च्या सुएझ पेचप्रसंगात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस यांना लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी बनवायला सांगितले. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली ठेवला, पुढची चाके चालवली आणि तीन मीटरहून जराशा लांब गाडीत चार माणसांची ऐसपैस सोय केली. आज जगातल्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे असते आणि ओढण्याचे काम पुढची चाके करतात. ही मांडणी रुजवण्याचे मोठे श्रेय मिनीला जाते. १९५९ ते २००० या काळात तिचे ५३ लाखांहून अधिक नग निघाले.

मूळ किंमत होती ४९७ पौंडांच्या आत. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत घेतली, तिचा खिळा न् खिळा सुटा केला आणि प्रत्येक भागाचा खर्च मांडला. त्यांच्या हिशेबाने बीएमसीला दर गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा होत होता. हा आकडा बरोबर की चूक यावर अजून वाद चालतो. पण मूळ मिनीवर फारसे काही सुटत नव्हते, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. किंमत खर्चावरून ठरली नव्हती. बाजारात सर्वांत स्वस्त दिसावी या हिशेबाने ती ठरवली होती.

फोर्डने १९६२मध्ये कॉर्टिना आणली. तंत्रात नवे काही नाही: इंजिन पुढे, मागची चाके चालणारी, साधी बांधणी. पण रेखाटनाच्या टेबलावरच प्रत्येक भागाचा खर्च बांधून घेतलेला. कंपन्यांनी आपल्या विक्री प्रतिनिधींना द्यायला घाऊक घेतलेल्या गाड्यांचा बाजार तेव्हा ब्रिटनमध्ये वाढत होता. तिथल्या खरेदी अधिकाऱ्याला हुशार तंत्रापेक्षा स्वस्त दुरुस्ती हवी होती, आणि कॉर्टिना ती देत होती. म्हणजे १९६५च्या सुमारास, संपांची ती कुप्रसिद्ध वर्षे अजून यायची असताना, चित्र असे होते: एकीकडे देशाची लाडकी गाडी बनवणारी आणि पुढच्या गाडीसाठी पैसे न उरणारी कंपनी, दुसरीकडे साधीच गाडी बनवून दर नगामागे नफा बाजूला टाकणारी कंपनी. मोटार धंद्यात नवे मॉडेल उभे करायला वर्षे आणि प्रचंड भांडवल लागते. आजच्या गाडीवर जे सुटते त्यातूनच उद्याची गाडी येते. बीएमसीच्या आज आणि उद्या यांच्यातला हा दुवाच तुटलेला होता.

एक ना धड

१९६६मध्ये बीएमसीने जग्वारला सामावून घेतले. तिकडे लँकशायरमधली ट्रक आणि बस बनवणारी लेलँड मोटर्स नफ्यात होती. तिने १९६१मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ आणि १९६७मध्ये रोव्हर घेतली होती. हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारला वाटले की अमेरिकन कंपन्यांना तोंड द्यायचे तर ब्रिटिश कंपनीही आकाराने मोठी हवी. तंत्रज्ञान खात्याचे मंत्री टोनी बेन यांनी पुढाकार घेतला, सरकारी महामंडळाने अडीच कोटी पौंडांचे कर्ज दिले आणि १९६८मध्ये ब्रिटिश लेलँडचा जन्म झाला. प्रमुख झाले लेलँडचे डोनाल्ड स्टोक्स, पट्टीचे विक्रेते. कामगार दोन लाखांच्या घरात, कारखाने देशभर विखुरलेले आणि देशी बाजाराचा सुमारे ४० टक्के हिस्सा.

नव्या मालकांनी बीएमसीचे कपाट उघडले तेव्हा येऊ घातलेली एकच नवी गाडी सापडली: मॅक्सी. तिला खर्च वाचवण्यासाठी जुन्या, मोठ्या १८०० या गाडीचेच दरवाजे लावले होते, आणि त्यामुळे तिचे रूप पहिल्या रेषेपासून बिघडले होते. दुसरीकडे एकाच घरात भावंडे एकमेकांची गिऱ्हाइके पळवत होती. रोव्हर २००० आणि ट्रायम्फ २००० या दोन्ही गाड्या १९६३मध्ये एकमेकींना शह द्यायला निघाल्या होत्या; आता दोघींचा मालक एकच, तरी दोन्ही चालूच राहिल्या. ट्रायम्फ स्टॅगची गोष्ट तर अभ्यासक्रमात लावावी अशी आहे. रोव्हरकडे अमेरिकेतल्या ब्युइककडून हक्क घेतलेले आठ सिलिंडरचे हलके आणि खात्रीचे इंजिन होते. ट्रायम्फच्या अभियंत्यांनी मात्र स्टॅगसाठी स्वतःचे वेगळे इंजिन बनवले. ते तापू लागले. देखणी गाडी बदनाम झाली आणि सात वर्षांत जेमतेम २६ हजारांच्या आसपास नग निघून थांबली.

एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण १९७०च्या ब्रिटिश लेलँडला तंतोतंत लागू पडते. कॉर्टिनाला उत्तर म्हणून १९७१मध्ये घाईने मॉरिस मरीना आली. तिच्या पुढच्या चाकांची रचना १९४८च्या मॉरिस मायनरची होती. लोकप्रिय ११००च्या जागी १९७३मध्ये ऑस्टिन अलेग्रो आली. हॅरिस मॅन यांचे मूळ रेखाचित्र सडपातळ होते. त्यात उंच इंजिन आणि इतर गाड्यांत वापरायचा मोठा हीटर बसवण्यासाठी गाडी फुगत गेली. स्टिअरिंगचे चाक गोल न ठेवता कोपरे घासलेल्या चौकोनासारखे केले आणि लोकांना हसायला आयते निमित्त मिळाले. ११०० वीस लाखांवर खपली होती. अलेग्रो साडेसहा लाखांच्या आतच अडली. दुसऱ्याच वर्षी फोक्सवॅगनची गोल्फ आली. १९७३मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेल्याने आयात शुल्क उतरत होते. इंग्रज गिऱ्हाइकाला आता दाराशी पर्याय उभा होता.

याच कंपनीने १९७०मध्ये रेंज रोव्हर काढली, हेही विसरून चालणार नाही. चिखलातही चालणारी आणि राजवाड्याच्या दारातही शोभणारी अशी गाडी जगात तेव्हा दुसरी नव्हती. तिला मागणी इतकी होती की गिऱ्हाइकांना थांबावे लागे. पण उत्पादन वाढवायला भांडवल नव्हते, कारण ते तोट्यातल्या गाड्यांचे खड्डे बुजवण्यात जात होते.

संपांचा वाटा

आता सर्वांत लोकप्रिय उत्तराकडे येऊ. सत्तरच्या दशकात लाँगब्रिज म्हणजे संप असे समीकरण झाले होते. युनियनचे प्रमुख प्रतिनिधी डेरेक रॉबिन्सन कम्युनिस्ट पक्षाचे. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘रेड रॉबो’ हे नाव दिले. १९७८-७९च्या काळात एकट्या लाँगब्रिजमध्ये ५२३ वेळा काम बंद पडल्याचा आकडा सतत दिला जातो. सरकारच्या धोरण अभ्यास गटाने १९७५मध्ये म्हटले की तशीच यंत्रे आणि तेच काम असताना युरोपातला कामगार ब्रिटिश कामगाराच्या साधारण दुप्पट उत्पादन काढतो. यातले काहीही झाकायचे कारण नाही.

पण हा संघर्ष एका रात्रीत उगवला नव्हता. १९५६च्या उन्हाळ्यात बीएमसीने मागणी घटताच सहा हजार कामगारांना पूर्वसूचना न देता घरी पाठवले होते. काम असेल तेव्हा बोलवायचे, नसेल तेव्हा हाकलायचे, ही रीत ज्याने पाहिली तो कामगार तेजीच्या दिवसांत आपले वसूल करणारच. मजुरी नगावर होती. प्रत्येक कामाचा दर खात्यातल्या युनियन प्रतिनिधीशी घासाघीस करून ठरे, त्यामुळे खात्यात मुकादमापेक्षा प्रतिनिधीचा शब्द मोठा झाला. सत्तरच्या दशकात कंपनीने नगावरची मजुरी काढून दिवसावर आणली. आता वेग राखायची जबाबदारी मुकादमांवर आली, आणि त्यांना ते कधी शिकवलेच गेले नव्हते. वाद दरावरून होत होते ते वेगावरून होऊ लागले.

आणि याच काळात इतर देशांत काय चालले होते? इटलीत फियाटचे कारखाने संपांनी गाजत होते. फ्रान्समधल्या सरकारी मालकीच्या रेनोत कामगार चळवळ कमी कडवी नव्हती. फोक्सवॅगन १९७४मध्ये मोठ्या तोट्यात होती. या सगळ्या जगल्या, कारण ऐन संकटात त्यांच्याकडे पैसे मिळवून देणारी नवी गाडी होती.

कामगारांनीच बुडवले या मताची खरी अडचण १९८० नंतरच्या घटनांची आहे. नोव्हेंबर १९७९मध्ये कपातीच्या योजनेवर मतदान झाले तेव्हा सुमारे ८७ टक्के कामगारांनी तिला होकार दिला. त्याच महिन्यात रॉबिन्सन यांना बडतर्फ केले. फेब्रुवारी १९८०मध्ये लाँगब्रिजच्या सभेत त्यांच्यासाठी संप करण्याच्या विरोधात सुमारे १४ हजार हात वर झाले, बाजूने सहाशे. युनियनचा कणा त्या दिवशी मोडला. त्यानंतर कंपनी पंचवीस वर्षे जगली, संप ओसरले, तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही. दुसरा पुरावा संडरलंडचा. निस्सानने १९८६मध्ये तिथे कारखाना सुरू केला. जहाजबांधणी आणि खाणी बंद पडत चाललेल्या त्या भागातल्या कामगारांनी पुढे युरोपातल्या सर्वांत कार्यक्षम मोटार कारखान्यांत त्याचे नाव नेले. नवा कारखाना, निवडून घेतलेली माणसे आणि एकाच युनियनशी करार, हा फरक होताच. पण इंग्रज हाताला गाडी नीट जुळवता येत नाही, हे म्हणणे तिथे निकालात निघाले.

सरकारचे हात

सरकारने बुडवले असे म्हणणाऱ्यांकडेही मुद्दे आहेत. पन्नास-साठच्या दशकांत कुठल्याही पक्षाचे सरकार महागाई वाढली की मोटारीच्या हप्त्यांचे नियम कडक करी आणि बेकारी वाढली की सैल. पुढच्या वर्षी किती गाड्या खपतील हे कारखान्याला सांगता येत नसे. बेकारीग्रस्त भागात कारखाने काढा, असा आग्रह वेगळाच. त्यातून बीएमसीचा ट्रक कारखाना स्कॉटलंडमध्ये बाथगेटला गेला, सुटे भाग पुरवणाऱ्यांपासून शेकडो मैल लांब.

तेलसंकट आणि १९७४मधला तीन दिवसांचा कामाचा आठवडा यांमुळे कंपनीची गंगाजळी आटली. १९७५मध्ये डॉन रायडर यांच्या अहवालानंतर सरकारने ती ताब्यात घेतली. रायडर यांनी पैसे ओतायला सांगितले, कारखाने बंद करायला मात्र सांगितले नाही. बाजार वाढेल या आशेवर सगळे तसेच ठेवले. बाजारातला हिस्सा घसरतच राहिला. १९७७मध्ये आलेल्या मायकेल एडवर्ड्स यांनी लिव्हरपूलचा स्पीक कारखाना बंद केला, अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद केला आणि पाच वर्षांत मनुष्यबळ निम्म्याच्या जवळ आणले. सरकारी मदतीवर कडाडून टीका करणाऱ्या थॅचर सरकारनेही १९८१मध्ये ९९ कोटी पौंड दिले. मध्य इंग्लंडमधले लाखो मतदार या कारखान्यांवर आणि त्यांच्या पुरवठादारांवर जगत होते, हे साधे गणित दोन्ही पक्षांना समजत होते.

मालक बदलले

एडवर्ड्स यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. १९८०मध्ये मेट्रो ही लहान गाडी बाजारात आणली आणि त्याआधी, डिसेंबर १९७९मध्ये, होंडाशी करार केला. होंडाच्या आराखड्यांवर आधी ट्रायम्फ अक्लेम आणि मग रोव्हर २००सारख्या गाड्या बनल्या. दर्जा सुधारला, हिशेबाची शिस्त आली. लाँगब्रिजच्या इतिहासातला बहुधा सर्वांत आशादायक काळ हाच. पण याच काळात कंपनीचे तुकडेही विकले जात होते: १९८४मध्ये जग्वार, १९८७मध्ये ट्रक. १९८८मध्ये उरलेला रोव्हर ग्रुप विमाने बनवणाऱ्या ब्रिटिश एरोस्पेसला अवघ्या १५ कोटी पौंडांना दिला गेला. पाच वर्षे विकता येणार नाही अशी अट होती. ती संपल्यावर, १९९४च्या सुरुवातीला, त्यांनी तो ८० कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला विकला. वीस टक्क्यांची भागीदार होंडा दुखावली आणि निघून गेली. जिच्या जोरावर लाँगब्रिज उभे होते, तीच ओसरीवरून उठली.

बीएमडब्ल्यूने पैसा ओतला, पण जुन्या मॉडेलांच्या जागी नवी आणायला उशीर झाला. त्यात पौंड चढला आणि निर्यात महागली. जर्मन वृत्तपत्रे रोव्हरला ‘इंग्लिश पेशंट’ म्हणू लागली. २०००मध्ये बीएमडब्ल्यूने मिनी आणि तिच्यासाठी ऑक्सफर्डमधला काउलीचा कारखाना स्वतःकडे ठेवला, लँड रोव्हर फोर्डला विकली आणि उरलेले लाँगब्रिज सुरुवातीला उल्लेखलेल्या चार व्यावसायिकांच्या फिनिक्स गटाकडे गेले. त्या चौघांनी पगार, निवृत्तिवेतन वगैरे मिळून काही कोटी पौंड घरी नेले, हे पुढे सरकारी चौकशीत नोंदले गेले आणि त्यांना कंपनी संचालक होण्यास काही वर्षे मनाई झाली. हा प्रकार संतापजनक खराच. पण कंपनी त्यांनी बुडवली असे म्हणणे म्हणजे शेवटच्या वैद्यावर सगळे खापर फोडणे. नवी गाडी उभी करण्याइतके भांडवल त्यांच्या हाती पहिल्या दिवशीही नव्हते.

किती नव्हते, याचा साक्षीदार आपल्या पुण्यात आहे. लहान गाडी स्वतः बनवणे शक्य नसल्याने एमजी रोव्हरने २००३मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका नवा बिल्ला लावून ‘सिटीरोव्हर’ म्हणून ब्रिटनमध्ये विकायला घेतली. किंमत चढी लावली, जाणकारांनी टीका केली आणि ती चालली नाही. मिनीच्या वेळी किंमत फार खाली ठेवणारे घराणे शेवटच्या काळात ती फार वर नेत होते. दोन्ही वेळा हिशेब चुकला.

निकाल

सगळे जमेस धरून माझे मत असे: कामगारांनी कंपनी अडवली, सरकारांनी तिला झुलवले, शेवटच्या मालकांनी तिच्यातून मिळेल ते काढून घेतले, पण पाया त्याआधी खचला होता. विकलेल्या गाडीवर पुरेसे सुटत नव्हते, म्हणून पुढची गाडी उशिरा आणि अर्धवट आली. ती खपली नाही म्हणून त्यापुढच्या गाडीला आणखी कमी पैसे मिळाले. १९६८चे विलीनीकरण, १९७५चे सरकारीकरण, १९८८ची विक्री या सगळ्यांनी वेळ विकत घेतला. उत्पादनाचा प्रश्न फक्त होंडाच्या सोबतीत सुटू लागला होता, आणि तो धागा मालकानेच तोडला.

जे भाग तग धरून राहिले त्यांच्याकडे पाहिले की हे पटते. काउलीत २००१पासून बीएमडब्ल्यूची नवी मिनी बनू लागली. या वेळी तिची किंमत नफा धरून ठरवली होती. जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या टाटा मोटर्सने २००८मध्ये फोर्डकडून २३० कोटी डॉलरना घेतल्या, फोर्डने त्यांच्यासाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी किमतीत. लगेच आलेल्या जागतिक मंदीत हा व्यवहार टाटांना जड जाईल असे अनेकांना वाटले होते. मुंबईच्या मालकाने तरीही नव्या मॉडेलांवरचा खर्च थांबवला नाही आणि पुढच्या काही वर्षांत त्या कंपन्या टाटा मोटर्सच्या नफ्याचा आधार झाल्या. रोव्हर हे नावही त्याच व्यवहारात टाटांकडे आले. त्याआधी ते फोर्डकडे होते, म्हणून लाँगब्रिजचे आराखडे विकत घेणाऱ्या चिनी कंपनीला आपल्या गाडीसाठी ‘रोवे’ असे मिळतेजुळते नाव घ्यावे लागले. एमजीचा अष्टकोनी बिल्ला मात्र चीनकडे गेला. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एमजी गुजरातेत हालोलला बनतात आणि त्या व्यवसायात आता मुंबईच्या जेएसडब्ल्यूचाही वाटा आहे.

लाँगब्रिजच्या बहुतेक कामगारांना पुढे काम मिळाले, पण अनेकांचा पगार पूर्वीपेक्षा कमी झाला. बुडणाऱ्या उद्योगाला सार्वजनिक पैशाने वाचवावे का, हा वाद आपल्याकडेही कापड गिरण्यांपासून विमान कंपनीपर्यंत पुन्हा पुन्हा होतो. ब्रिटिश लेलँडचा अनुभव त्यावर एक नेमका निकष देतो. ओतलेला पैसा जुना तोटा भरायला जाणार आहे की पुढची वस्तू बनवायला, आणि ती वस्तू विकून हाती काय उरणार आहे, एवढे आधी विचारावे. १९५९पासून २००५पर्यंत हा प्रश्न लाँगब्रिजमध्ये फार क्वचित विचारला गेला.